म्हाळसाच्या घरी हार्प

राहू, ता. दौंड
१६ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझ्या म्हाळसाचा नमस्कार. फोनवर वरडून सांगावं तर तू नुसता "व्हय, व्हय" म्हणतोस, आन् मागनं कळतं का तुला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. म्हणून पत्र. बसून वाच, उभ्यानं वाचू नको.

काल बिरदेवनं दारात टेम्पो लावला. मागं गोधड्यात गुंडाळलेलं धूड. चौघांनी उतरवलं. मला वाटलं फ्रिज आणला. गोधड्या सोडल्या आन् मी तिथंच खाली बसले. लाकडाची भली मोठी तिकोनी चौकट, एका बाजूला खांब, वर बैलाच्या मानंसारखा बाक, आन् मधी वरनं खाली ताणलेल्या तारा. ह्या टोकाला लांबच लांब, त्या टोकाला बोटाएवढ्या. मला वाटलं घोंगड्याचा माग. म्हणलं, "आरं बिरदेवा, आता घोंगडं कोण पांघरतंय? मेंढरं इकून किती जमाना झाला!"

सगळी हसली. माझी नात प्रगती मला सांगती, "आजी, माग न्हाई, हार्प हाय. वाजवायचा असतो."

आता पुढचं ऐक. बिरदेव कोरेगाव भीमाच्या कंपनीतल्या ज्या गोऱ्या साहेबाची गाडी चालवतो, त्याची बायको ह्यो हार्प वाजवती. आपली प्रगती दर रविवारी बापासंगं बंगल्यावर जाऊन तिच्याकडं शिकत व्हती. दोन वरसं! मला सांगायची, कॉम्प्युटर क्लासला चालले. मी रविवारचा डबा करून द्यायची कॉम्प्युटरच्या नावानं! बिरदेव म्हणतो, "आई, तुला सांगितलं असतं तर तू इचारलं असतंस, त्याचा उपयोग काय." व्हय, इचारलं असतंच.

मॅडमची आई तिकडं आजारी हाय. मॅडम गावाला गेली, बंगला बंद. बंद घरात वाद्य मरतं म्हणली, आन् प्रगतीच्या हवाली केलं. नाताळाला परत येणार. तवा दौंडला रेल्वेच्या जुन्या हॉलात त्यांचा कार्यक्रम असतो, तिथं प्रगतीनं चार लोकांम्होरं वाजवायचं. नीट वाजवलं तर हार्प कायमचा पोरीकडं ऱ्हाणार आन् मॅडम तिला पुढं शिकवणार. न्हाई जमलं तर टेम्पो परत बंगल्यावर. असा करार हाय.

मधल्या खोलीतली कणगी सरकवून तिथं ठिवलाय. काल सांजच्याला पोरीनं वाजवला. मी भाकरी थापत व्हते. दादा, हात तिथंच थांबला. तव्यावरची भाकरी कोळसा झाली. कसा आवाज म्हणून सांगू? मला सांगता यायचं न्हाई. सांगायला तू हायस. पर कविता नको पाठवू, नीट उत्तर पाठव. असलं वाद्य आपल्यासारख्याच्या घरात ठिवावं का?

म्हाळसा


तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय म्हाळू,

तू सांगितलंस तसा बसून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता उठून उभा राहिलो. हार्प? राहूत? कणगीच्या जागी?

तुला आठवत नसेल, तू तेव्हा कोकरांमागं पळायचीस. तिसरीच्या वाचनमालेत एक चित्र होतं. ढगावर बसलेली पंखांची बाई, आणि तिच्या खांद्याला टेकलेलं हे असंच तारांचं वाद्य. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "ते स्वर्गातलं आहे, परीक्षेला नाही." मी ते पान दुमडून ठेवलं होतं. पुढं मी स्वतः मास्तर झालो. कवितेत कुठं तारा झंकारल्या, कुठं चांदणं वाजलं, की माझ्या डोळ्यांपुढं तेच चित्र यायचं. वर्गातली पोरं विचारायची, "सर, हे कसलं वाद्य?" मीही तेच सांगायचो, स्वर्गातलं. तळेगावच्या किती पिढ्यांना मी हे सांगितलं, आणि स्वतः मात्र कधी पाहिलं नाही. आता ते माझ्या बहिणीच्या घरी आलं. आलं तेही माझे कान गेल्यावर. कुणावर रागवावं सांग.

ठेवावं का म्हणून काय विचारतेस! मॅडम कुठल्या देशाची? आयर्लंडची असेल तर त्यांच्या नाण्यावरच हार्प असतो म्हणे. देशानं वाद्य मिरवावं, तलवार नाही, यावर मी तुला चार पानं लिहू शकतो. तू रागावशील म्हणून लिहीत नाही.

एक मात्र मनापासून सांगतो. उद्या घट बसतायत. खंडेनवमीला आपण विळा, कातर, पाण्याची मोटर सगळं धुऊनपुसून पुजतो, मग या पाहुण्याला नुसतं लांबून फूल वाहू नकोस. लोकर कातरायच्या आधी आपण मेंढरं न्हाऊ घालायचो, तशी त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घाल. तारांना तेलाचं बोट लाव, हळदकुंकू लाव, झेंडूची माळ घाल. त्याला वाटलं पाहिजे की आपण कुणाच्या तरी घरात आलो आहोत.

प्रगतीला म्हणावं, कॉम्प्युटर क्लासबद्दल तुझा कान धरायला तळेगावचे आबा येणार आहेत, आणि त्याच हातानं शाबासकीही देणार आहेत.

दादा


राहू
६ ऑक्टोबर २०२५

दादा,

घाबरून लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

दसऱ्याच्या सकाळी मधल्या खोलीत एकदम फाट् करून आवाज झाला. आम्ही सैपाकघरात. मला वाटलं कुकर. बिरदेव गॅस बघायला धावला. गॅस ठीक. मधल्या खोलीत कुणी न्हाई, मांजर सुदिक न्हाई, आन् हार्पाची एक तार तुटून गोमीवाणी गोल झालेली. कुणी हात लावला नव्हता! चहा पितोय तवर दुसरी. प्रगती पळत गेली, ती दारात हाय तवर तिच्या डोळ्यांदेखत तिसरी. पोरगी किंचाळली. दोन दिवसांत मधल्या सगळ्या तारा गेल्या. जाड हायत त्या ऱ्हायल्या, आन् एकदम बारक्या ऱ्हायल्या. मधी नुसतं भगदाड. दात पडल्यावर तोंड दिसतं तसं.

शेजारची अनसाबाई दारातनं बघून गेली आन् साऱ्या आळीला सांगून आली, "गोऱ्या बाईची आई तिकडं गेली आसंल, तिचा जीव ह्यात आलाय." मी म्हणलं, "अनसे, जीव यायचाच आसंल तर तुझ्या टीव्हीत ईल, त्यो दिसभर चालू आसतो." बोलले खरी, पर रातीला त्या खोलीत दिवा लावून ठिवला.

प्रगती जेवत न्हाई. मॅडमला काय सांगू म्हणती. बिरदेव म्हणतो, असली तार पुण्यात बी मिळत न्हाई.

आम्ही फकस्त हळदकुंकू लावलं व्हतं रं. बाकी काय न्हाई. नुसतं हळदकुंकू.

म्हाळसा


तळेगाव ढमढेरे
१० ऑक्टोबर २०२५

म्हाळू,

पत्र वाचून पायाखालची जमीन हलली. पण जीव वगैरे काही नसतं, अनसाबाईला सांग. हळदीकुंकवानंही तारा तुटत नाहीत. तुटतात त्या माणसाच्या हातानं.

मला सरळ सांग, त्या खोलीत कोण कोण आलं होतं? मागं तू लिहिलं होतंस की अनसाबाईचा नातू सत्यजीत मोबाईलवर रील काढत फिरतो. गुऱ्हाळाच्या चुलाणाशी काढतो, बिबट्याच्या पिंजऱ्याशी काढतो. एवढं नवलाचं वाद्य शेजारी आलं आणि त्यानं हात लावला नसेल? किल्ली फिरवून तारा ताणल्या असतील, आणि मग त्या तुटल्या. मला तर चित्र स्पष्ट दिसतं. बिरदेवला म्हणावं, त्याला विचार. दरडावून विचार.

प्रगतीला जेवायला घाल. माझी शपथ घाल.

दादा


राहू
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आबा यांस,

प्रगतीचा साष्टांग नमस्कार. हे पत्र मी आजीला न सांगता लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं आणि पप्पांनी सत्यजीतदादाची कॉलर धरली. तो ओरडत होता, "काका, मी लांबून शूट केलं, आईची शपथ!" अनसाआजी आमच्याशी बोलायची बंद झाली आहे. सत्यजीतदादानं काहीही केलेलं नाही. म्हणून लिहावंच लागतंय.

खंडेनवमीच्या सकाळी मी कॉलेजला गेले होते. आजीनं तुमचं पत्र दोनदा वाचलं. गंगाळात पाणी कोमट केलं, त्यात हळद घातली. पाटावर उभी राहून तिनं हार्पला वरपासून खालपर्यंत आंघोळ घातली. मग तेल लावलं, मग झेंडूच्या माळा. मी आले तेव्हा ती इतकी खूश होती! "बघ, कसा नवरदेव दिसतोय," म्हणाली.  मी फडक्यानं पुसत बसले. पण पाणी आत गेलं होतं.

आबा, हार्पच्या तारा तीन प्रकारच्या असतात. सगळ्यात खालच्या धातूच्या. सगळ्यात वरच्या नायलॉनच्या. आणि मधल्या, ज्यांचा आवाज सगळ्यात गोड, त्या आतड्याच्या. मेंढीच्या आतड्याच्या. त्या पाणी पितात, फुगतात, आणि सुकताना तुटतात. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लाल तार म्हणजे सा, काळी म्हणजे म, करंगळी वापरायची नाही, आणि ओल्या हातानं शिवायचं नाही.

आजीला फक्त एवढं कळलंय की पाण्यामुळं झालं. तुम्हाला तिनं कळवलं नाही, कारण आंघोळ घालायला तुम्ही सांगितलं होतं. मला म्हणाली, "दादाला कळलं तर म्हातारा जेवायचा न्हाई. तू गप बस." पण तारा कशाच्या आहेत ते तिला माहीत नाही. आजोबा गेल्यावर तिनं माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पप्पा बाहेर खाऊन आले तर त्यांचं ताट वेगळं. आणि ती रोज सकाळी हार्प पुसते, त्याच्या शेजारी अंथरूण टाकून झोपते.

मॅडमना कळवलं की त्या नव्या तारा आणतील. पण त्याही आतड्याच्याच असणार. आजीला फसवून मी त्या तिच्या घरात कशा लावू? एकदा दोन वर्षं फसवलंय. आणि खरं सांगितलं तर ती हार्प बाहेर काढायला लावेल. मग दौंड नाही, पुढचं शिकणं नाही, काहीच नाही. मला दुसरं काहीही यायला नको आहे आबा, हेच यायला हवं आहे.

तुम्ही भाऊबीजेला येणार आहात. तुमचं ती ऐकते. तुम्हीच सांगा ना.

तुमची प्रगती


तळेगाव ढमढेरे
२७ ऑक्टोबर २०२५

म्हाळू,

भाऊबीजेला मी तुझ्याकडं एक गोष्ट सांगायला आलो होतो आणि न सांगताच एसटीत बसून परत आलो. तू ओवाळत होतीस तेव्हा सांगणार होतो. मग म्हटलं करंजी खाऊन सांगू. मग तू दुसरी वाढलीस. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कागदाआड लपून सांगतो आहे.

पहिलं म्हणजे, हार्पला न्हाऊ घालायला मी सांगितलं आणि तारा माझ्यामुळं गेल्या, हे मला कळलं आहे. प्रगतीला रागावू नकोस. तू ते माझ्यापासून लपवलंस, आणि मी इकडं शहाणपणा करत एका बिचाऱ्या पोराच्या गळ्याला हात घालायला लावला. सत्यजीतची मी स्वतः माफी मागितली. तो म्हणाला, "आबा, माफी मागतानाचं परत एकदा कराल का, कॅमेरा चालू करतो." केलं.

आता दुसरं. आपले आप्पा लोकर पिंजायची कमान वापरायचे, आठवते? तिला ताणलेली तात कशाची असायची ते तुला मी सांगायला नको. म्हाळू, हार्पच्या मधल्या तारा त्याच आहेत. मेंढराच्या आतड्याच्या.

मी हे पोरीच्या पत्रात वाचलं तेव्हा ओट्यावर येऊन बसलो. सून विचारत होती, बरं वाटत नाही का. काय सांगू तिला? जन्मभर पोरांना ज्याला स्वर्गातलं म्हणून सांगितलं, ते ढगातून आलेलंच नव्हतं. ते आपल्या तळावरच्या मेंढीच्या पोटातून आलं होतं. एखाद्या शेणामातीच्या, बें बें करणाऱ्या, पाय लंगडणाऱ्या मेंढीच्या. आणि ते पंखवाल्या बाईच्या खांद्यावर जाऊन बसलं. मला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, छे, आपणच चुकीच्या दिशेला बघत होतो.

त्या दिवशी तू स्वयंपाकघरात असताना प्रगतीनं मला स्टुलावर बसवलं, पाठ हार्पच्या लाकडाला टेकवली आणि एक जाड तार छेडली. कानाला काही आलं नाही. पण बरगड्यांमधून काहीतरी सरकत आत गेलं, थेट पोटापर्यंत. मी दचकून उठलो. पोरगी घाबरली, "आबा, लागलं का?" मी म्हटलं, "व्हय, लागलं." मी कितीतरी दिवसांनी काही ऐकलं होतं.

पण हे माझं झालं. माळ तुझ्या गळ्यात आहे. पोरीला नव्या तारा लावायच्या आहेत आणि तुला अंधारात ठेवून लावायच्या नाहीत. तुझं काय ते कळव. रागावून कळवलंस तरी चालेल.

दादा


राहू
८ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू मला काय सांगतोस? मला ठाऊक व्हतं.

कधीपासून म्हणशील तर खंडेनवमीपासून. कोमट पाणी तारांवर पडलं आन् वास आला. पोरगी मागनं आली ती म्हणली, हळदीचा. आरं, त्यो वास मी इसरंन व्हय? आप्पा तात भिजत घालायचे, त्या घमेल्याशेजारी मी भातुकली मांडायची. मी तांब्या खाली ठिवला. पर आंघोळ अर्धी व्हती. अर्ध्यात कशी सोडू? पुरी केली, कुंकू लावलं, आन् "नवरदेव दिसतोय" म्हणलं. पोरीनं माझं तोंड बघितलं, पर आत काय चाललंय ते तिला कसं दिसणार?

मी कुणाला बोलले न्हाई. मी बोलले आसते तर पोरीनंच त्यो परत पाठवला आसता. "आजीची माळ," म्हणून. मग जलमभर माझी माळ तिच्या डोळ्यात खुपली आसती. म्हणून गप ऱ्हायले. हार्प पुसायची, आन् मागल्या दारी जाऊन डोक्यावरनं आंघोळ करायची. दिसातनं तीनतीनदा. बिरदेव म्हणायचा, आईला उष्णता झालीय, आन् सब्जा आणून द्यायचा. त्यो बी प्याले.

तुझं पत्र आलं तवा पोरीला पुढ्यात बसवलं. म्हणलं, "मला समदं ठाऊक हाय. मॅडमला खरं कळव आन् तारा मागव." ती रडली, मी रडले. मग मी म्हणलं, "लाव तारा, वाजव. पर आता उघड झालं. आता मी त्या खोलीत यायची न्हाई. मला पुसायला सांगू नको, हात लावायला सांगू नको." माझं अंथरूण पडवीत आणलं.

त्यावर ती काय म्हणली म्हाइतीय? "मग मला बी नको. तू बाहीर आन् मी आत, आसं किती दिस वाजवू? मॅडम आली की परत देऊन टाकते." आन् दार लावून घेतलं. माझ्यावाणीच हाय मेली, हट्टी.

आता आसं चाललंय. ती वाजवती, पर उगं करार पाळायला वाजवल्यासारखं. मी पडवीत कांदे निवडत बसते. मधल्या तारा न्हाईत, त्यामुळं गाणं निम्मंच येतं. उरलेलं मी मनात धरते. सकाळी तुळशीला पाणी घालताना सुदिक तेच चालू आसतं डोक्यात. हे पाप का काय, मला कळंना. माळ घातली तवा बुवांनी सांगितलं व्हतं, मास शिवायचं न्हाई. गोड लागणाऱ्या आवाजाचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं न्हाई.

तू शिकलेला हायस. सांग काय करू.

म्हाळसा


तळेगाव ढमढेरे
१२ डिसेंबर २०२५

म्हाळू,

उत्तराला उशीर झाला. तू मला दोनदा दगड मारलास. एकदा "ठाऊक व्हतं" म्हणून, आणि एकदा शेवटी सल्ला विचारून. माझ्या मागच्या सल्ल्यानं काय झालं ते तू पाहिलंस. मी पुन्हा सल्ला देणार नाही. शाळेत मी अवघड कवितेचा अर्थ सांगत नसे, पोरांना घरी जाऊन वाचायला सांगत असे. पोरं म्हणायची, सरांनाच येत नाही. खरंच येत नसे.

परवा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यामुळं दौंडला मला येता यायचं नाही. डॉक्टर धुळीत जाऊ नका म्हणतात. तू मात्र जा. आत बसायचं नसेल तर हॉलच्या व्हरांड्यात बस, पण पोरीला तू दिसली पाहिजेस. ती वाजवायला बसेल तेव्हा तिच्या घरचं एक तरी माणूस असं असावं, ज्याला त्या आवाजाची किंमत मोजावी लागली आहे.

मला सगळं लिहून कळव. पट्टी सुटली की वाचेन.

दादा


राहू
२८ डिसेंबर २०२५

दादा,

पट्टी सुटली का? मग वाच. सूनबाईला वाचायला देऊ नको, ती मला येडी म्हणंल.

मॅडम नाताळाच्या आठवडाभर आधी नव्या तारा घेऊन आली. हार्पातलं भगदाड बघून पहिली पांढरीफट पडली. मग प्रगतीनं सांगितलं, आजीनं हार्पला पाटावर उभं राहून न्हाऊ घातलं, तेल लावलं, तर ती आमच्या फरशीवर बसूनच हसाय लागली, आन् हसता हसता रडाय. तिची आई तिकडं वाचली न्हाई. माझे दोन्ही हात धरून तिच्या बोलीत कायतरी म्हणली. पोरीनं सांगितलं, "त्यांच्या हार्पला आजवर कुणी न्हाऊ घातलं नव्हतं म्हणतायत." दोघींनी नव्या तारा लावल्या. मी पडवीतच.

नाताळाच्या सांजच्याला दौंडला गेलो. ठेसनाजवळचा जुना हॉल, रेल्वेतली म्हातारी साहेबलोकं, फराकातल्या बाया, केकचा वास. मधीच गाडीची घोषणा आत ऐकू यायची, आन् सगळी गाणारी तेवढ्यापुरती थांबायची. हसून परत सुरू. मला बरं वाटलं ते. मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसले. बाजूच्या खोलीत प्रगती आन् हार्प.

मॅडम आत पेटीवर बसलेली, पोरांची गाणी चालू. त्यानंतर प्रगतीचा नंबर. आन् तेवढ्यात दादा, मला त्यो आवाज ओळखू आला. फाट्.

पोरगी दारात आली. तोंडावर रगत न्हाई. "आजी, काळी तार गेली. मधली. हिच्याबिगर गाणंच न्हाई. पप्पा कुठंयत?" बिरदेव टेम्पो लावाय गेलेला. तिच्या एका हातात नवी तार, दुसऱ्यात किल्ली. तार आतनं गाठ मारून वर ओढायची असती आन् वरच्या खुंटीला गुंडाळायची. तिची गाठ बसंना. बसली तर टोक निसटायचं. आतलं गाणं संपत आलेलं. ती मला "धर" म्हणली न्हाई. तिथंच उभी ऱ्हाऊन माझ्या गळ्याकडं बघितलं आन् मान फिरवली. म्हणली, "ऱ्हाऊ दे. जाऊ दे त्यो."

मी कवा उठले मला ठाऊक न्हाई. एक हात मागनं लाकडाच्या भोकात घातला, गाठ दाबून धरली. दुसऱ्या हातानं तार वर ओढली. ती किल्ली फिरवाय लागली. आन् वरचं टोक तिच्या बोटांतनं सुटलं. माझे तर दोन्ही हात गुतलेले. दादा, मी ते दातात धरलं.

आप्पा धरायचे तसं. डोक्यात इचार नव्हता, माळ नव्हती, बुवा नव्हते. मेंढराचं आतडं माझ्या दातात आन् मी मान मागं ताणून उभी. प्रगतीनं बघितलं आन् तिची किल्ली थांबली. तोंड उघडंच. मी नाकातनं वरडले, "फिरव की!" तशी फिरवली. तार ताणत गेली तशी माझ्या दातांत, कवटीत, कानाच्या मागं गुणगुणाय लागली. तू बरगड्यांचं लिहिलं व्हतंस ते मला तवा कळलं.

बसली तार. मी सोडली.   पोरगी म्हणली, "आजी, तू काय केलंस!" म्हणलं, "वाजव जा. मागनं इचार."

मी व्हरांड्यात परत गेले न्हाई. आत गेले, पहिल्या रांगेत बसले. तोंड सुदिक धुतलं न्हाई, जिभेवर ती खारट चव तशीच. पोरीनं वाजवलं. नवी तार मधीच उतरली, बेसूर झाली, तर तिनं थांबून, सगळ्यांम्होरं किल्ली फिरवून सूर लावला आन् पुढं चालू केलं. लाजली न्हाई. कसं वाजवलं ते मला सांगता यायचं न्हाई, मागं बी सांगता आलं नव्हतं. एक म्हातारा साहेब टोपी काढून बसला व्हता, एवढंच सांगते. मॅडमनं शेवटाला उठून हार्पाची किल्ली प्रगतीच्या मुठीत दिली आन् मूठ मिटवली. म्हंजी हार्प ऱ्हायला.

रातभर मला झोप न्हाई. गळ्यात माळ आन् दातात मेंढरू, आता माझं काय व्हायचं? सकाळी बुवांकडं जायला निघाले आन् वेशीतनं परत आले. त्यांना न्हाई इचारणार. तुला बी न्हाई इचारत. माळ काढायची न्हाई, आन् केलं ते चुकलं आसं बी म्हणायचं न्हाई. दोन्ही माझंच हाय. विठोबाला जमत नसंल तर त्यानं सांगावं.

पर येतानाचं सांगायचं ऱ्हायलं. टेम्पोत मागं हार्प आडवा करता येत न्हाई, कुणीतरी धरून बसावं लागतं. बिरदेव म्हणला, संगं आलाय त्यो सत्यजीत बसंल. मी म्हणलं, सरक. मीच बसले, पोरगी धरती तसा खांद्याला टेकवून, वरनं गोधडी. चौफुल्याच्या पुढं रस्ता उखडलेला. दर खड्ड्याला सगळ्या तारा आपसूक बोलायच्या, आन् माझ्या माळंचे मणी लाकडावर टकटक आपटायचे. प्रगती पुढच्या काचंतनं वरडली, "आजी, माळ पदराखाली घे, लाकडाला चरे पडत्यात!"

मी म्हणलं, "पडू दे."

म्हाळसा